जागा देशाची, निवड खेळाडूची : फिगर स्केटिंगची आंतरराष्ट्रीय निवड आपल्याला काय शिकवते?



शाळेत स्पर्धांचे दिवस आले की एक प्रश्न हमखास येतो. "बाई, वर्गात तर माझ्या मुलीचा नंबर आला होता, मग केंद्रावर दुसरीलाच का पाठवलं?" प्रश्न रास्त असतो. आपण बहुतेक वेळा शाळेच्या फाटकाशी उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देतो आणि विषय संपवतो. पालकांचा विषय मात्र संपत नाही, आणि मुलाच्या मनातला तर मुळीच नाही.

म्हणून आजच्या पाठात एका अशा खेळाची निवड पद्धत समजून घेऊ, जिथे हाच प्रश्न जागतिक पातळीवर, सगळ्यांसमोर, पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. तो खेळ म्हणजे फिगर स्केटिंग. आपल्या मुलांनी हा खेळ टीव्हीवर किंवा मोबाइलवर पाहिलेला असतो. बर्फावर गिरक्या आणि उड्या एवढंच त्यांना माहीत असतं. पण त्या बर्फावर पोहोचायला आधी किती दारं ओलांडावी लागतात, ते समजलं की निवड या गोष्टीकडे बघण्याची आपली नजर बदलते.

१. खेळाची थोडक्यात ओळख

फिगर स्केटिंगचे चार प्रकार आहेत : पुरुष एकेरी, महिला एकेरी, जोडी आणि आइस डान्स. प्रत्येक स्केटर दोन सादरीकरणं करतो, आधी छोटं आणि मग मोठं. परीक्षक दोन भागांत गुण देतात. एक भाग तांत्रिक, म्हणजे उड्या, गिरक्या, पावलांच्या रचना. दुसरा भाग सादरीकरणाचा. दोन्ही दिवसांची बेरीज करून क्रमांक लागतो.

या खेळाची सूत्रं इंटरनॅशनल स्केटिंग युनियन या संघटनेकडे आहेत. ही संघटना १८९२ मध्ये स्थापन झाली. पुढे आपण तिला नुसतं 'युनियन' म्हणू.

धावण्याच्या शर्यतीत घड्याळ बोलतं, लांब उडीत टेप बोलते. इथे माणसं गुण देतात. आपल्या वक्तृत्व, नृत्य, चित्रकला या स्पर्धांसारखंच. त्यामुळे निवडीचे वादही आपल्या ओळखीचे आहेत.

२. पहिलं दार : वय

पहिलीच्या प्रवेशाला आपल्याकडे वयाची तारीख ठरलेली असते. एखाद्या मुलाचा प्रवेश थोड्या दिवसांनी हुकतो आणि पालक हळहळतात. स्केटिंगमध्ये ती तारीख आहे १ जुलै. ठरलेलं वय त्या हंगामाच्या १ जुलैपूर्वी पूर्ण व्हायला हवं.

जपानची माओ असादा हे याचं प्रसिद्ध उदाहरण. डिसेंबर २००५ मध्ये टोकियोत झालेली ग्रां प्री अंतिम स्पर्धा तिने जिंकली. जगातल्या सर्वोत्तम मुलींना तिने हरवलं होतं. पण दोन महिन्यांनी झालेल्या तुरिनच्या ऑलिंपिकला ती जाऊ शकली नाही. तेव्हा किमान वय १५ होतं आणि तिचा जन्म २५ सप्टेंबरचा. ८७ दिवस कमी पडले.

पुढे २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये १५ वर्षांच्या एका रशियन मुलीचं उत्तेजक द्रव्याचं प्रकरण गाजलं आणि इतक्या लहान मुलांवर येणाऱ्या ताणाची चर्चा जगभर झाली. त्याच वर्षी जूनमध्ये युनियनने वरिष्ठ गटाचं किमान वय टप्प्याटप्प्याने १७ करण्याचा निर्णय घेतला. २०२४-२५ च्या हंगामापासून ते लागू आहे.

मुलाला येतंय म्हणून लगेच मोठ्या गटात ढकलायचं नाही, हे या नियमाचं सार. आपल्यालाही ते लागू पडतं.

३. दुसरं दार : किमान गुण

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेला जायचं तर तांत्रिक भागात ठरावीक किमान गुण आधी मिळवलेले असावे लागतात, छोट्या सादरीकरणात वेगळे आणि मोठ्यात वेगळे. आणि हे गुण युनियनने मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतलेच लागतात. स्वतःच्या देशाच्या राष्ट्रीय स्पर्धेतले गुण इथे धरत नाहीत.

का बरं धरत नसतील? घरच्या परीक्षेत हात थोडा सैल सुटतो, हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला माहीत!

४. तिसरं दार : देशाच्या जागा

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. जागतिक स्पर्धेत एका प्रकारात एका देशाला जास्तीत जास्त ३ जागा मिळतात. किती मिळणार, हे आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेतल्या क्रमांकांवरून ठरतं. हिशोब असा :

• देशाचा एकच स्केटर उतरला असेल : तो पहिला किंवा दुसरा आला तर ३ जागा. तिसरा ते दहावा आला तर २ जागा. त्याखाली १ जागा.
• दोन किंवा तीन स्केटर उतरले असतील : त्यातल्या सर्वोत्तम दोघांच्या क्रमांकांची बेरीज करायची. बेरीज १३ किंवा कमी आली तर ३ जागा. १४ ते २८ आली तर २ जागा. त्याहून जास्त आली तर १ जागा.

एकेरीत छोट्या सादरीकरणानंतर पहिले २४ जणच मोठ्या सादरीकरणाला जातात. जे बाहेर राहतात त्यांचे १८ धरतात. जे आत जातात पण सोळाव्या क्रमांकाच्या खाली राहतात, त्यांचे १६ धरतात.

ऑलिंपिकच्या जागाही मुख्यतः अशाच हिशोबाने, आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेवरून वाटल्या जातात. उदाहरणार्थ, २०२६ च्या मिलान-कोर्टिना ऑलिंपिकसाठी महिला एकेरीत एकूण २९ जागा होत्या. त्यातल्या २४ जागा २०२५ च्या जागतिक स्पर्धेवरून ठरल्या आणि उरलेल्या ५ जागांसाठी बीजिंगला वेगळी पात्रता स्पर्धा झाली.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. जागा मिळते ती देशाला, खेळाडूला नाही. ज्या मुलीने जागा मिळवली तीच पुढच्या वर्षी त्या जागेवर जाईल असं नाही. तिने उघडलेल्या दारातून दुसरी कोणी आत जाऊ शकते.

५. एकीची कमाई, दुसरीची संधी

दोन खरी उदाहरणं बघू.

*पहिलं उदाहरण : कोरिया.* २०१३ ची जागतिक स्पर्धा कॅनडातल्या लंडन नावाच्या शहरात झाली. महिला एकेरीत कोरियाकडून एकटी युना किम उतरली होती. ती पहिली आली. वरचा हिशोब लावा : एकटी उतरली, पहिली आली, म्हणजे ३ जागा. पुढच्या वर्षी सोचीच्या ऑलिंपिकला कोरियाच्या तीन मुली गेल्या. त्यातल्या दोघींना ऑलिंपिकचं दार युनाने उघडून दिलं होतं.

*दुसरं उदाहरण : जपान.* २०१७ ची जागतिक स्पर्धा हेलसिंकीला होती. जपानची आघाडीची स्केटर सातोको मियाहारा दुखापतीमुळे खेळू शकली नाही. उरलेल्या तिघींचे क्रमांक आले ५, ११ आणि १६. सर्वोत्तम दोघींची बेरीज ५ + ११ = १६. तेरापेक्षा जास्त. म्हणून २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकसाठी जपानला दोनच जागा मिळाल्या. त्याच स्पर्धेत अमेरिकेच्या मुली ४, ७ आणि १२ आल्या. बेरीज ४ + ७ = ११. त्यांना ३ जागा.

जपानमध्ये या दोन जागांसाठी डिसेंबर २०१७ ची राष्ट्रीय स्पर्धा किती अटीतटीची झाली असेल, विचार करा. मियाहारा पहिली, काओरी साकामोतो दुसरी. तिसरी आलेली रिका किहिरा वयात बसत नव्हती. तिचा जन्म २१ जुलैचा, थोड्या दिवसांनी संधी गेली. चौथी आली वाकाबा हिगुची. ऑलिंपिकला मियाहारा आणि साकामोतो गेल्या. हिगुची घरी राहिली. हेलसिंकीत अकरावा क्रमांक मिळवून त्या १६ च्या बेरजेत भर घालणारी हीच हिगुची होती. म्हणजे तिच्याच वाट्याची तिसरी जागा त्या बेरजेत हुकली असं म्हणता येईल.

पण गोष्ट इथे संपत नाही. ऑलिंपिकनंतर एका महिन्याने मिलानला जागतिक स्पर्धा झाली. हिगुचीने तिथे रौप्यपदक मिळवलं. आणि चार वर्षांनी बीजिंगच्या ऑलिंपिकला ती गेली.

६. ग्रां प्री : इथे बोलावणं नावाने येतं

जागतिक स्पर्धा आणि ऑलिंपिकला देश नावं पाठवतो. ग्रां प्री मालिकेत मात्र वेगळी पद्धत आहे. ही मालिका १९९५ पासून चालू आहे. शरद ऋतूत वेगवेगळ्या देशांत सहा स्पर्धा होतात, त्यात अमेरिका, कॅनडा, फ्रान्स, जपान, चीन हे यजमान असतात. स्केटरला बहुधा एक किंवा दोन स्पर्धा मिळतात.

निवड साधारण अशी चालते :

• आदल्या जागतिक स्पर्धेत वरचे क्रमांक मिळवणाऱ्यांना दोन स्पर्धांची हमी असते. त्यांची वाटणी अशी करतात की सगळे बलवान एकाच ठिकाणी गोळा होऊ नयेत.
• मग जागतिक क्रमवारीत आणि हंगामातल्या सर्वोत्तम गुणांच्या यादीत वर असलेल्यांचा विचार होतो.
• यजमान देशाला आपले काही खेळाडू स्वतः निवडण्याची मुभा असते. एका प्रकारात जास्तीत जास्त तीन.

एकेरीत पहिल्याला १५ गुण, दुसऱ्याला १३, तिसऱ्याला ११, चौथ्याला ९, पाचव्याला ७, सहाव्याला ५ असे मिळतात. दोन्ही स्पर्धांची बेरीज करून पहिले सहा जण अंतिम स्पर्धेला जातात. इथे निवड समितीच नाही. बेरीज बोलते.

लहान गटाची, म्हणजे ज्युनियर ग्रां प्रीची, पद्धत पुन्हा वेगळी. तिथे ज्युनियर जागतिक स्पर्धेच्या निकालावरून देशाला जागा मिळतात आणि त्या जागेवर कोणाला पाठवायचं हे त्या देशाची संघटना ठरवते. आपल्या केंद्रस्तरीय स्पर्धेसारखंच. शाळेला एक प्रवेशिका येते, नाव शाळेने भरायचं.

७. खरा पेच : एक दिवस की पूर्ण वर्ष?

इथपर्यंत सगळं गणित होतं. आता देशाला समजा ३ जागा मिळाल्या. त्यावर कोण जाणार? इथे गणित संपतं आणि माणसांचा निर्णय सुरू होतो.

एक मार्ग सरळ आहे. राष्ट्रीय स्पर्धा घ्या, पहिले तीन पाठवा. दुसरा मार्ग असा की राष्ट्रीय स्पर्धा बघा, पण सोबत वर्षभरातली आंतरराष्ट्रीय कामगिरीही बघा. अमेरिकेची निवड समिती दुसऱ्या मार्गाने जाते. म्हणून वाद होतात.

*बोस्टन, जानेवारी २०१४.* सोचीसाठी अमेरिकेच्या महिलांना ३ जागा होत्या. राष्ट्रीय स्पर्धेचा निकाल लागला : ग्रेसी गोल्ड पहिली, पोलिना एडमंड्स दुसरी, मिराई नागासू तिसरी, अ‍ॅश्ली वॅग्नर चौथी. वॅग्नर त्या दिवशी पडली होती. संघ जाहीर झाला : गोल्ड, एडमंड्स आणि वॅग्नर. तिसरी आलेली नागासू बाहेर.

समितीची बाजू काय? वॅग्नर आधीची दोन वर्षं राष्ट्रीय विजेती होती. महिनाभरापूर्वीच ग्रां प्री अंतिम स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळवलं होतं. आणि या तीन जागा आल्या कुठून? २०१३ च्या जागतिक स्पर्धेत वॅग्नर पाचवी आणि गोल्ड सहावी आली होती. ५ + ६ = ११. जागा मिळवणाऱ्या दोघींपैकी एक वॅग्नरच. एका वाईट दिवसामुळे तिला घरी बसवायचं का?

नागासूची बाजू काय? ती २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये चौथी आली होती, म्हणजे मोठ्या मंचाचा अनुभव तिलाही होता. ज्या दिवशी कस लागायचा त्या दिवशी ती टिकली, वॅग्नर टिकली नाही. आणि वर्षभराचा आंतरराष्ट्रीय अनुभव हाच निकष असेल, तर १५ वर्षांच्या एडमंड्सला वरिष्ठ गटाचा तसा अनुभव कुठे होता?

दोन्ही बाजू वाचून तुम्हाला कोणाची पटते? मी हा प्रश्न मुद्दाम इथेच सोडते. शिक्षक म्हणून आपण दोन्ही बाजूंनी उभं राहून बघावं असा हा प्रसंग आहे. निर्णय नियमांत बसणारा होता. तरी तो नागासूला लागला, हेही तितकंच खरं.

पुढे काय झालं ते बघा. वॅग्नर सोचीत सातवी आली आणि सांघिक कांस्यपदकात तिचा वाटा होता. नागासूने सराव सोडला नाही. ती कोलोरॅडोला गेली, नवीन प्रशिक्षकाकडे शिकली आणि ट्रिपल अ‍ॅक्सेल ही उडी शिकली. या उडीत हवेत साडेतीन फेऱ्या घ्याव्या लागतात, महिलांमध्ये फार थोड्यांना जमलेली उडी. जानेवारी २०१८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ती दुसरी आली आणि संघात निवडली गेली. प्योंगचांगला सांघिक स्पर्धेत तिने ती उडी मारली. ऑलिंपिकमध्ये ट्रिपल अ‍ॅक्सेल मारणारी ती पहिली अमेरिकन महिला ठरली. तेव्हा ती २४ वर्षांची होती.

आणि त्या २०१८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत चौथी कोण आली? अ‍ॅश्ली वॅग्नर. या वेळी मात्र पहिल्या तिघींनाच पाठवलं. चार वर्षांपूर्वी चौथ्या क्रमांकावरून आत गेलेली वॅग्नर या वेळी चौथ्या क्रमांकावर बाहेर राहिली.

त्याच वर्षी पुरुषांमध्ये उलट झालं. दुसरा आलेला रॉस मायनर वगळला गेला आणि चौथा आलेला अ‍ॅडम रिपन निवडला गेला, पुन्हा वर्षभराच्या कामगिरीवर. मायनरला ऑलिंपिकची संधी नंतर मिळाली नाही. २०२२ मध्ये १७ वर्षांचा इलिया मालिनिन दुसरा आला, पण बीजिंगला गेला चौथा आलेला जेसन ब्राउन. मालिनिनला वरिष्ठ गटाचा अनुभव कमी होता. तो पुढे २०२४ आणि २०२५ मध्ये जगज्जेता झाला.

म्हणून मुलांना सांगताना "वगळलं तरी शेवटी यश मिळतंच" असं सांगू नका. नागासूला मिळालं, मालिनिनला मिळालं. मायनरला ती संधी पुन्हा आली नाही. मुलांना खरं सांगावं. खोटा दिलासा मुलं ओळखतात.

८. दुखापत झाली तर?

निवडीच्या दिवशीच खेळाडू आजारी असेल तर? इथेही उदाहरणं बोलकी आहेत.

• १९९४ मध्ये अमेरिकेच्या नॅन्सी केरिगनवर राष्ट्रीय स्पर्धेच्या तोंडावर हल्ला झाला. ती खेळू शकली नाही, तरी तिला संघात घेतलं. राष्ट्रीय स्पर्धेत दुसरी आलेली १३ वर्षांची मिशेल क्वान राखीव राहिली. केरिगनने लिलेहॅमरला रौप्यपदक मिळवलं.
• २००६ मध्ये तीच क्वान दुखापतीमुळे राष्ट्रीय स्पर्धा खेळली नाही. तिने अर्ज केला. समितीने तिला जागा दिली, पण तंदुरुस्त आहे का हे बघायला तिचं सादरीकरण प्रत्यक्ष पाहिलं. तुरिनला पोहोचल्यावर पुन्हा त्रास झाला आणि तिने स्वतः माघार घेतली. तिच्या जागी राष्ट्रीय स्पर्धेत तिसरी आलेली एमिली ह्यूज गेली.
• जपानचा युझुरू हान्यू नोव्हेंबर २०१७ मध्ये सरावात पडला, घोट्याला दुखापत झाली, राष्ट्रीय स्पर्धा हुकली. आधीच्या कामगिरीवर त्याला निवडलं आणि प्योंगचांगला त्याने सुवर्णपदक जिंकलं.

एक लक्षात येतंय का? सवलत दिली की कोणीतरी राखीव होतं. १९९४ मध्ये राखीव राहिलेली क्वान २००६ मध्ये सवलत मागत होती. म्हणून नियम बनवताना 'माझा मुलगा कोणत्या बाजूला असेल' हे माहीत नाही असं समजून बनवावा. तो जास्त सरळ बनतो.

९. मग न्याय्य निवड कशाला म्हणायचं?

या सगळ्या उदाहरणांवरून मला चार गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

१) *निकष आधी सांगा.* एका दिवसाची चाचणी घ्या किंवा वर्षभराचं काम बघा, दोन्ही चालेल. पण काय बघणार हे चाचणीच्या आधी फळ्यावर लिहा. निकालानंतर सांगितलेला निकष कितीही योग्य असला तरी तो सबब वाटतो.

२) *दोन्ही बघणार असाल तर किती किती ते ठरवा.* "आम्ही सगळंच बघतो" या वाक्याने कोणाचंच समाधान होत नाही. चाचणीला ६० आणि वर्षभराला ४० असं काहीतरी असू द्या.

३) *राखीव मुलाला नाव द्या.* यादीत 'राखीव' म्हणून त्याचं नाव लिहा, त्याचाही सराव घ्या. एमिली ह्यूजला आयत्या वेळी जावं लागलं, तयारी होती म्हणून जाता आलं.

४) *न निवडलेल्या मुलाशी आपणच बोला.* यादी वाचून त्याला कळू देऊ नका. कशात कमी पडलं, पुढच्या वेळी काय करायचं, हे दोन मिनिटांत सांगता येतं. हरण्याचं दुःख मुलं पचवतात. का हरलो हे न कळण्याचं दुःख मात्र बराच काळ राहतं.

१०. वर्गात हा पाठ कसा घ्याल?

इयत्ता चौथी-पाचवीला गणित आणि परिसर अभ्यास जोडून एक तासिका सहज होते.

*कृती १ : तेराची बेरीज.* फळ्यावर काल्पनिक देशांचे क्रमांक लिहा. 'अ' देश : ३, ९, २०. 'ब' देश : ६, ८. 'क' देश : १ (एकटाच). प्रत्येकाला किती जागा? ('अ' ची बेरीज ३ + ९ = १२, तीन जागा. 'ब' ची १४, दोन जागा. 'क' ला तीन.) 'ब' देशाची एका गुणाने जागा गेली, हे मुलांच्या लगेच लक्षात येतं आणि वर्गात हळहळही होते.

*कृती २ : ग्रां प्रीचे गुण.* एक स्केटर दोन्ही वेळा दुसरा आला : १३ + १३ = २६. दुसरा एकदा पहिला, एकदा तिसरा : १५ + ११ = २६. बरोबरी झाली! मग वर कोण? नियमाप्रमाणे ज्याचा सर्वोत्तम क्रमांक चांगला तो वर, म्हणजे पहिला आलेला. मुलांना विचारा, हा नियम तुम्हाला पटतो का? का?

*कृती ३ : निवड समिती.* वर्गाचे पाच-पाच जणांचे गट करा. २०१४ ची माहिती खेळाडूंची नावं न सांगता 'क', 'ख', 'ग', 'घ' अशी द्या. प्रत्येक गटाने तीन जणी निवडायच्या आणि कारण लिहायचं. मग शेवटी खरी नावं आणि पुढची हकीकत सांगा. कारण लिहिणं हा या कृतीचा गाभा आहे, उत्तर कोणतंही येऊ दे.

११. पालकांसाठी दोन शब्द

पालकहो, शाळेत निवड झाली नाही की आपण मुलासमोरच म्हणतो, "तुझ्यावर अन्याय झाला." कधी तो खरंच झालेला असतो. तेव्हा शाळेत येऊन शांतपणे निकष विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण प्रत्येक वेळी हेच वाक्य बोललो तर मूल पुढच्या वेळी प्रयत्न करण्याआधीच कारण शोधायला शिकतं.

आणि निवड झाली तर एक गोष्ट मुलाला आवर्जून सांगा. ही जागा शाळेची आहे. मागच्या वर्षी कोणीतरी चांगलं खेळलं म्हणून शाळेचं नाव झालं. यंदा तू चांगलं खेळलास तर पुढच्या वर्षी तुझ्या मागच्या कोणाला तरी सोपं जाईल. युना किमने मागच्या दोघींसाठी जे केलं, ते आपल्या पातळीवर चौथीतलं मूलही करू शकतं.

स्वाध्याय

१) जागतिक स्पर्धेत एका देशाच्या स्केटरचे क्रमांक ७, ६ आणि १५ आले. पुढच्या वर्षी किती जागा मिळतील?
२) राष्ट्रीय स्पर्धेतले गुण किमान गुणांसाठी का धरत नसावेत? तुमच्या शब्दांत लिहा.
३) २०१४ च्या निवड समितीत तुम्ही असता तर कोणाला पाठवलं असतं? दोन कारणं द्या.
४) तुमच्या वर्गातून वक्तृत्व स्पर्धेसाठी एक जण निवडायचा आहे. निकषांचा तक्ता तयार करा.

आपल्या शाळेत निवडीचे निकष कसे ठरवता, ते जरूर कळवा. चांगला तक्ता असेल तर आपण सगळेच वापरू.